काळी तीन, वजा पाच

ख्याल शिकलेल्या गायिकेनं अमेरिकन गाण्यांची मैफल करायची ठरवली, की पहिली कुस्ती पट्टीशी, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या सुरावर धरायचा याच्याशी. अमेरिकन संगीतकार गर्श्विनचं 'समरटाइम' घ्या. 1935 च्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातली ही अंगाई. मूळ स्वरलिपीत सा पांढरी सात आणि उठाव थेट वरच्या पंचमावर. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईला तो तार, म्हणजे वरच्या सप्तकातला कोमल निषाद पडतो, तोही पहिल्याच शब्दाला! त्या जागी आपण तानेत जाऊन येतो, मुक्काम करत नाही. म्हणून आवाज फाटतो. सा काळी तीनवर आणा. मग तोच पंचम काळी एकवर येतो, म्हणजे तिचा तार मध्यम. एवढं निभतं.

लातूर-नांदेडकडे कार्यक्रम असेल तर खरा पियानो शोधत बसू नका. 88 वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो, सूर लांबवणारं सस्टेन पेडल, ट्रान्सपोज वजा पाच, म्हणजे बटणानं सगळे सूर पाच अर्धस्वर खाली. आणि यूपीएस हवाच. लाइट जाऊन जनरेटर लागेपर्यंत पियानो बंद पडतो, आणि बरेचसे पियानो पुन्हा सुरू होताना ट्रान्सपोज शून्यावर आणतात. गायिका काळी तीनवर, पियानो पांढरी सातवर.

तानपुरा मात्र गवसणीतच राहू द्या. 'समरटाइम'ची चाल एका सावर उभी वाटली तरी खाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, बदलत असतात. सा-प सतत घुमत राहिले की त्यातले बरेच कॉर्ड खुपतात. कोमल गंधारावर आंदोलन, म्हणजे हळू झोका, नको; लगेच दरबारी राग डोकावतो.

'अमेझिंग ग्रेस' या ख्रिस्ती भक्तिगीतामध्ये धोका उलटा, कारण ते फार ओळखीचं वाटतं. शब्द इंग्लंडचे, पण आजची चाल त्यांना 1835 मध्ये अमेरिकेत जोडली गेली. स्वर भूप रागाचेच. सहा मात्रांच्या दादऱ्यात धरलं तर पहिलं अक्षर सहाव्या मात्रेवर, 'मे' समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. बहुतेक जण 'अ'च समेवर टाकतात आणि ओळभर धावत राहतात. घरी हवी तेवढी भूपाची आलापी करा, मंचावर नको. चार ओळींचं गाणं तेवढ्यानं बुजून जातं.

सगळ्यात अवघड अमेरिकन संगीतकार सॅम्युअल बार्बरचं 'शुअर ऑन धिस शायनिंग नाइट', 1938 चं. तुमची ओळ जरा मागून पियानोत येते. हार्मोनियमवाला साथीला मागे येतो तसं नाही हे; पियानोची ओळ लिहिलेली आहे आणि ती तुमच्या पुढच्या ओळीखालून चालते. सुरावर रेंगाळलात की दोन्ही ओळी एकमेकींच्या पायात येतात. 'नाइट' लांबवताना 'आ' धरा, 'इ' अगदी शेवटी, 'ट' हलका. आपल्याकडं 'ई' लांबवतात आणि 'ट' जिभेनं टोला दिल्यासारखा येतो.

आपला श्रोता कीर्तन-भारुडावर वाढलेला, ओळ पुन्हा येईल म्हणून थांबतो. इथं ती बऱ्याचदा येत नाही, तीन मिनिटांत गाणं संपतं. तेव्हा प्रत्येक गाण्याआधी मराठीत दोन वाक्यांत अर्थ सांगा आणि टाळ्या तीन गाण्यांनंतर घ्या. बार्बरच्या आधी एक विनंतीही करा, 'वाह' पियानो थांबल्यावर.