किती वेळ, किती वेळा

एका कामाच्या आराखड्यावर मला मत कळवायचं होतं. आराखडा मला पटला नव्हता. पण पहिल्याच ईमेलमध्ये तोफा कशाला डागा, म्हणून मी अत्यंत सभ्य इंग्रजीत लिहिलं, ‘आय हॅव फ्यू डाउट्स अबाउट धिस प्लॅन.’ मला म्हणायचं होतं, थोड्या शंका आहेत, बोलू या. समोरची व्यक्ती इंग्रजीतच वाढलेली. तिने वाचलं ते असं: या आराखड्याबद्दल मला फारशी शंकाच नाही. तासाभरात आभाराचं उत्तर आलं, आठवडाभरात काम सुरूही झालं, आणि माझ्या शंका माझ्यापाशीच राहिल्या.

मी एक ‘अ’ खाल्ला होता.

‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच. ‘अ लिटल होप’मध्ये आशेला जागा आहे, ‘लिटल होप’मध्ये आशा सोडलेली आहे. मराठीत हे काम ‘च’ करतो: थोड्या शंका आहेत, थोड्याच शंका आहेत. आपण काहीतरी चिकटवून उणेपणा दाखवतो, इंग्रज काहीतरी काढून घेऊन. आणि काढून काय घेतो, तर नेमकं तेच अक्षर, जे आपल्या भाषेत नसल्यामुळे आपल्याला कायम फालतू वाटत आलंय.

खरं तर शाळेत हा धडा मी पाठ केला होता. मोजता येतं त्याला ‘मेनी’ आणि ‘फ्यू’, मोजता येत नाही त्याला ‘मच’ आणि ‘लिटल’. ऐकायला अगदी सरळ. मग कुणीतरी ‘मनी’चं काय, असं विचारतंच, आणि नियमाला पहिली भेग पडते. पैसे मोजण्यासाठीच तर असतात. बाईंनी तेव्हा ‘रुपये मोजतात, मनी मोजत नाहीत’ असं उत्तर दिलं होतं. ते बरोबर होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. त्या वेळी ती पळवाट वाटली होती.

केसांचंही तसंच. डोक्यावर मोजून सतरा केस उरलेल्या माणसालाही इंग्रजी ‘नॉट मच हेअर’ असंच म्हणते. त्यातलाच एक कोटाच्या खांद्यावर सापडला की मात्र तो ‘अ हेअर’ होतो, मोजायला मोकळा. खुर्च्या मोजा, टेबलं मोजा, कपाटं मोजा; एकत्र करून ‘फर्निचर’ म्हटलंत की मोजणी बंद. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने अशा शब्दांना ‘मास वर्ड’ म्हटलं होतं. मला हे नाव ‘अनकाउंटेबल’पेक्षा आवडतं. अनकाउंटेबल म्हटलं की मोजायला बसलो आणि जमलं नाही असं वाटतं. ‘मास’ म्हणजे रास. राशीत आत काय आहे ते कुणी विचारत नाही, एवढंच.

आणि रास आपल्यालाही ओळखीची आहे. ‘सामान’ घ्या. चार पिशव्या, दोन पेट्या, एक वळकटी, पण सामान एकच; ‘सात सामानं’ असं कुणी म्हणत नाही. ‘माहिती’चं अनेकवचन मी अजून ऐकलेलं नाही. त्यामुळे ‘लगेज’ आणि ‘इन्फर्मेशन’ यांनी आपल्याला फारसा त्रास द्यायला नको. पाय घसरतो तो जिथे दोन भाषांची रास वेगळी पडते तिथे. सल्ले आपण मोजतो. न मागता दिलेले तर नक्कीच मोजतो. बातम्याही मोजतो. म्हणून ‘अ‍ॅडव्हायसेस’ तोंडातून जातं, आणि ‘न्यूज’ला शेवटी ‘ज’ असूनही ‘आर’ लावायचं नाही हे पटत नाही. इंग्रजीत सल्ला मोजायचा तर आधी त्याचा तुकडा पाडावा लागतो, ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’. अखंड सल्ला बहुधा कुणालाच पचत नसावा.

कधी कधी खुद्द इंग्रजांनाच कळत नाही की समोर रास आहे की नग. वाटाण्याला ते पूर्वी ‘पीज’ म्हणत आणि ते एकवचन होतं. शेवटचा ‘ज’ ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटू लागलं. मग त्यांनी तो ‘ज’ कापून ‘पी’ हा एकटा दाणा तयार केला. चुकीच्या वजाबाकीतून निघालेला हा दाणा आज शब्दकोशात सन्मानाने बसलाय, आणि आपण ‘इक्विपमेंट्स’ लिहिलं की त्याखाली लाल रेघ.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’चं भांडण तर त्यांच्या घरातलंच आहे. मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘फ्यूअर’च हवं, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण राजा आल्फ्रेड नवव्या शतकात शब्दांसाठी, म्हणजे चक्क मोजता येणाऱ्या वस्तूसाठी, ‘लेस’ वापरून गेलाय. रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने १७७० मध्ये, अशा ठिकाणी ‘फ्यूअर’ आपल्याला अधिक बरं वाटतं, असं लिहिलं. त्याची ती आवड होती. पुढच्यांनी तिचा कायदा केला. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीने थोडंच सामान घेणाऱ्यांच्या रांगेवरच्या ‘टेन आयटम्स ऑर लेस’ या पाट्या बदलायचं ठरवलं, तेव्हा ‘फ्यूअर’ही टाळून ‘अप टू टेन आयटम्स’ असं लिहिलं. मला हा शहाणपणा फार आवडला. मीही ‘मच’ की ‘मेनी’ असा पेच पडला की गुपचूप ‘अ लॉट ऑफ’च्या आडोशाला जातो. ते आपल्या ‘खूप’सारखं आहे, कुणालाही चालतं.

आपल्याकडे मात्र हा भेद नाहीच, असं मी बरीच वर्षं समजत होतो. ‘किती माणसं’, ‘किती पाणी’, एकाच ‘किती’त भागतं. क्रियापदही एकच: आपण पैसे मोजतो, लांबी मोजतो आणि तापही मोजतो. काउंट आणि मेजर असे दोन संसार इंग्रजीने थाटले, आपण एकत्र कुटुंबात राहिलो. पण जरा उकरलं तर आत भिंती आहेत. ‘अनेक पाणी’ म्हणता येत नाही. ‘किंचित माणसं’ म्हणता येत नाही. संपत्ती ‘अमाप’ असते, म्हणजे मापता न येणारी. तारे ‘अगणित’ असतात, म्हणजे गणता न येणारे. बोलताना आपण यांची अदलाबदल सर्रास करतो, पण शब्द घडवणाऱ्याला फरक माहीत होता. आणि ‘पैसा’! ‘त्याच्याकडे पैसा आहे’ यात रास आहे, ‘त्याच्याकडे पैसे आहेत’ यात नोटा आहेत. पहिल्याकडे आपण आदराने बघतो, दुसऱ्याकडे उसने मागतो. बाईंचं उत्तर मला या वाक्यांपाशी आठवलं.

सगळ्यात सुंदर मला ‘वेळ’ वाटतो. की वाटते? ‘वेळ गेला’ आणि ‘वेळ आली’. जो नुसता वाहतो, पुरत नाही, वाया जातो, तो पुल्लिंगी. जी ठरलेली असते, येऊन ठेपते, चुकते, ती स्त्रीलिंगी. अनेकवचन फक्त तिला, ‘दहा वेळा सांगितलं’. तो कितीही साठला तरी ‘वेळ’च राहतो. म्हणजे ‘हाउ मच टाइम’ हे किती वेळ, आणि ‘हाउ मेनी टाइम्स’ हे किती वेळा. इंग्रजीने ज्यासाठी पुढे दोन वेगळे शब्द उभे केले, ते काम आपल्याकडे लिंगाने आणि एका कान्याने होतं. हे मला कुणी व्याकरणाच्या तासाला सांगितलं असतं, तर मच-मेनीचा तक्ता मी घोकलाच नसता.

परवा पुन्हा एक आराखडा आला. तोही पटला नव्हता. या वेळी मी ‘अ’ आधी लिहिला, मग ‘फ्यू’, मग ‘डाउट्स’, आणि पाठवण्याआधी तो ‘अ’ जागेवर आहे ना, हे दोनदा पाहिलं. लगेच उलट प्रश्न आला, ‘हाउ मेनी?’

मोजल्या. एकोणीस निघाल्या.