बरडच्या अलीकडे

फलटणला तळावर पोचलो त्या संध्याकाळी मी एका बाईशी बादलीवरून भांडले. टँकरपाशी रांग होती आणि निळी बादली तिच्या हातात होती. मी म्हटलं, ती माझी आहे. ती म्हणाली, माझी आहे. मी हिसकावून घेतली. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि तोंडातून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रात्री राहुटीत आडवी झाले तरी मनात तिलाच उत्तरं देत होते, एकाहून एक झणझणीत. झोप आली असेल तीनेक तास. काकड्याचे टाळ वाजले तेव्हा पहिला विचार माऊलींचा नाही, बादलीचा आला.

ही दिंडी आत्याची. तिचे गुडघे गेले म्हणून यंदा दिंडीची वर्गणी, म्हणजे भिशी, तिने भरली आणि पाय माझे पाठवले. रोज रात्री तिचा फोन यायचा. जेवलीस का, पाय कसे आहेत, हे नंतर. आधी, "भांडलीस का कुणाशी?" मी म्हणायचे, नाही गं. ती म्हणायची, "भांडशील. आठव्या-नवव्या दिवशी सगळेच भांडतात."

मी नर्सिंग कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. एकवीस वर्षं झाली. थकवा या विषयावर माझी दोन तासिकांची टिपणं आहेत, दरवर्षी तीच. त्यात एक गोष्ट मुलींना आवडते म्हणून मी रंगवून सांगते. इटलीत तुरीनला अँजेलो मोसो नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने एक यंत्र बनवलं. मधल्या बोटाने वजन उचलत राहायचं आणि बोट कसं दमत जातं त्याची रेघ कागदावर उमटायची. त्याच्या एका सहकाऱ्याने दुपारभर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्या आणि मग यंत्रात बोट घातलं. बोटाने दिवसभर काहीच काम केलेलं नव्हतं, तरी ते लवकर हरलं. दमलं होतं डोकं. मुली हसतात, कारण तोंडी परीक्षेत आपणच काय ते दमतो असं त्यांना वाटत असतं.

पुणं, मुक्काम, पुन्हा पुणं. दिवे घाट एकादशीला उपाशीपोटी चढले. त्याचे फोटो तुम्ही पाहिलेच आहेत. सासवड आठवत नाही. जेजुरी मात्र आठवते, कारण ती मांड्यांत राहिली. गड चढताना काही वाटलं नाही. उतरताना भंडाऱ्याने माखलेली, खुशीत, भराभर पायऱ्या उतरले आणि वाल्ह्यापर्यंत मजेत गेले. नीरेवर माऊलींच्या पादुकांना स्नान झालं त्या दिवशी उकिडवं बसता येईना. वारीत बाईला उकिडवं बसता येत नाही म्हणजे काय, हे बायकांना वेगळं सांगायला नको. दिंडीतला एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, "काकू, लॅक्टिक ॲसिड साठलंय." मी तिथल्या तिथे त्याचा तास घेतला. ते तासा-दोन तासांत निघून जातं रे. हे उतरण्याचं दुखणं आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्यात त्याचे बारीक धागे फाटतात, आणि ठणका लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मुलगा मान हलवत पुढे गेला. मागून एक म्हातारी म्हणाली, "खंडोबानं धरलं बाई तुला." तिचं म्हणणं माझ्यापेक्षा थोडक्यात होतं.

लोणंद. चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं, मला माणसांच्या पाठी दिसल्या. तरडगाव. आणि मग फलटण, जिथे ती बादली.

फलटण सोडलं त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि पडत नव्हतं. वारा नाही. पालखी मार्ग रुंद झालाय, चालायला ऐसपैस झालाय हे खरं, पण कडेची जुनी झाडं त्यात गेली. दोन्हीकडे ऊस, त्यामुळे वाऱ्याला यायलाही वाट नाही. वरून ऊन दिसत नव्हतं, तरी रस्ता पायाखालून भाजत होता. घाम कोपरावरून टपटप गळत होता. मी वर्गात सांगते, गळालेला घाम फुकट. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जमिनीवर सांडला तर काहीच नेत नाही. चालताना स्नायू जी ऊर्जा खातो तिचा जेमतेम पाव भाग कामी येतो, उरलेली सगळी उष्णता. एरवी थोडी उष्णता अंगातून भोवतालच्या गार वस्तूंकडे जाते. दिंडीत भोवती कोण? माझ्यासारखीच तापलेली माणसं, हाताच्या अंतरावर, चारी बाजूंनी.

हे सगळं मला माहीत होतं आणि त्या दुपारी यातलं काहीही सुचलं नाही. मला सुचत होतं ते असं: पखवाजवाला मुद्दाम लय वाढवतोय. शेजारची बाई सारखी माझ्या अंगावर येतेय. वीणेकरी महाराज माझ्याकडेच बघतायत. डाव्या टाचेचा फोड फुटला होता आणि त्याबद्दलही मला कुणाचा तरी राग येत होता, नक्की कुणाचा ते ठरत नव्हतं. आज वार कोणता, हे आठवून पाहिलं. आलं नाही. त्याची भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, वारीत वार कशाला हवा. आणि ते मला फार अध्यात्मिक वाटलं.

"ए माय. इकडं ये."

आमच्या दिंडीतली नव्हती. रस्त्याच्या कडेला, वाचलेल्या एका लिंबाखाली बसली होती, शेजारी डोक्यावरची तुळस उतरवून ठेवलेली. सत्तरीची असेल, काटकुळी. मी दुर्लक्ष केलं. ती उठली, रांगेत शिरली आणि माझ्या मनगटाला धरून मला बाहेर काढलं. मी म्हटलं, सोडा, माझी दिंडी पुढे जातेय. म्हणाली, "जाऊ दे की. तुझं पाऊल चुकायलंय कधीपासून. टाळ एकीकडं अन् पाय एकीकडं."

मी चिडून म्हटलं, पखवाज चुकतोय.

ती हसली नाही. "बस खाली."

बसले. तिने बाटलीतलं पाणी पदरावर ओतलं आणि ओला पदर माझ्या मानेवर टाकला. दुसऱ्या हाताने पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घालत राहिली, न बोलता, भाकरी थापताना हात चालतो तशा एका लयीत. मी टँकरवर भरलेली बाटली तोंडाला लावली, तर काढून घेतली. "निस्तं पाणी किती पितीस?" पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढले, कागदाच्या पुडीतलं मीठ बोटाच्या टोकावर घेऊन माझ्या तळहातावर टेकवलं.

गुळाचा खडा जिभेवर ठेवला आणि गिळायच्या आधीच डोक्यातला आवाज कमी झाला. इतक्या लवकर साखर रक्तात जात नाही. बर्मिंगहॅमला २००४ साली सायकलपटूंवर केलेला प्रयोग मी दरवर्षी शिकवते: पिष्टमय पदार्थाच्या पाण्याने नुसती चूळ भरून थुंकली तरी ते जास्त जोरात सायकल मारतात. पोटात काही गेलेलंच नसतं. तोंडाला कळतं की अन्न येतंय आणि मेंदू मुठीत धरलेलं थोडं सोडतो. हे आठवलं तेव्हा कळलं की मला पुन्हा आठवायला लागलंय. मंगळवार होता.

मग रडू आलं. ते कशाचं होतं मला माहीत नाही, आणि त्यावर माझ्याकडे टिपणही नाही.

म्हातारीने माझा पाय मांडीवर घेतला. मी पाय ओढला, वयाने एवढी मोठी बाई. तिने पुन्हा ओढून घेतला. फुटलेल्या फोडावरची माती धुतली. उजव्या पायाला दुसरा फोड होता, अजून टणक. सुईत दोरा ओवून ती आरपार काढून दोरा आतच ठेवायला निघाली, सगळे वारकरी करतात तसं. मी नर्सेसना शिकवते की असं करायचं नाही, दोऱ्यावाटे जंतू आत जातात. तोंड उघडलं आणि मिटलं. एवढंच म्हटलं की सुई तापवून घ्या. "तापवली की," म्हणाली, तुझ्या जन्माच्या आधीपासून तापवतेय अशा सुरात.

तिला विचारलं, तुम्हाला नाही का त्रास होत? परभणीकडची होती. चैत्र-वैशाखात रोज दुसऱ्याच्या रानात कामाला. म्हणजे तिचं शरीर उन्हाला केव्हाच तयार झालेलं. दहा-चौदा दिवस रोज उष्णतेत राबलं की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. मी पंख्याखालून उठून आले होते. तिने मात्र वेगळंच उत्तर दिलं: "होतो की. पण मी बसते."

कोपनहेगनच्या संशोधकांनी २००१ साली एक निष्कर्ष छापला. माणसांना व्यायामाने इतकं तापवलं की अंगातलं तापमान ४० अंशांवर गेलं, आणि मग मांडीचा स्नायू दोन मिनिटं आवळून धरायला लावला. जोर भराभर ओसरला. पण बाहेरून विजेने चेतवल्यावर तोच स्नायू चांगला ओढत होता. पायात होतं, वरून हुकूम येत नव्हता. हे मी फळ्यावर मेंदू, कणा, मांडी अशी आकृती काढून समजावते. त्या आकृतीत एक गोष्ट दाखवता येत नाही. हुकूम देणारा दमला की तो दमलाय हे सांगायला दुसरं कुणी आत नसतं. त्याला पखवाज चुकलेला ऐकू येतो.

तासाभराने ती उठली, तुळस डोक्यावर घेतली. मी वाकून पाया पडले, ती माझ्या पाया पडली, माऊली माऊली झालं. नाव विचारायचं राहिलं. तिच्या दिंडीचा नंबर पाहिला होता, रथामागची होती, पण तो नातेपुत्यापर्यंत माझ्या डोक्यातून गेला. त्या दिवशीच्या डोक्यावर मी आकडे ठेवायलाच नको होते. बरडला तळावर पोचायला मला अंधार पडला. समाजआरती संपली होती. आत्याला म्हटलं, भांडले. म्हणाली, "आता चालशील."

आणि खरंच चालले. सदाशिवनगरचं रिंगण, वेळापूरचा धावा, दोन्हीकडे पळाले. पाऊस आला, मांड्या सुटल्या, पखवाज आपोआप बरा वाजायला लागला. विठ्ठलाची कृपा म्हणा किंवा रक्तातलं पाणी वाढलं म्हणा. माझी दोन्हींना हरकत नाही. तरी पहाटे शेजारच्या राहुटीतला घोरणारा मला शेवटपर्यंत आवडला नाही.

वाखरीला प्रत्येक तुळसवालीच्या तोंडाकडे बघत होते. हजारो होत्या. पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतलं, चंद्रभागेत पाय बुडवले, फोडाच्या जागी नवी गुलाबी कातडी होती.

परतायच्या दिवशी ट्रक रिकामा करताना खालून, तंबूच्या कनातीमागून, निळी बादली निघाली. तळाला नेलपॉलिशने माझ्या आडनावाचं अक्षर. म्हणजे फलटणपासून मी जिच्याने आंघोळ करत होते ती त्या बाईची. तिची बादली घेऊन तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. ती निफाडकडची, द्राक्षाच्या बागेत कामाला जाणारी. गाठोडं बांधत होती. मी सांगायला लागले तशी म्हणाली, "मला तव्हाच ठाऊक व्हतं. तुमचं डोकं लई तापेल व्हतं, म्हून बोलले नाही."

बादली घेतली, उलटी करून झटकली आणि गाठोड्यावर पालथी बांधली.