जिची नक्कल होऊ शकत नाही अशी नोट

नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा छापल्या जातात, हे आम्हा नाशिककरांच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे आता कुणाला विशेष वाटत नाही. पण पाचशेची नोट उजेडात धरून नीट पाहावी. तिच्यातले जलचिन्ह, तिरपी केली की हिरव्याचा निळा दिसणारा सुरक्षा धागा, डावीकडून उजवीकडे आकाराने वाढत जाणारे अनुक्रमांकातले अंक, ही सारी खटपट नक्कल अवघड व्हावी म्हणून केलेली असते. ती अशक्य मात्र होत नाही.

अशक्य करण्याचा मार्ग भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन वीस्नर यांना 1970 च्या सुमारास सुचला. नोटेत काही क्वांटम कण, म्हणजे प्रकाशकणासारखे अतिसूक्ष्म कण, कोंडून ठेवायचे आणि त्यांच्या अवस्था कोणत्या पद्धतीने तयार केल्या याची नोंद अनुक्रमांकासह फक्त बँकेकडे ठेवायची, अशी ती कल्पना होती. ज्याला पद्धत ठाऊक नाही तो कण मोजायला गेला की अवस्थाच बिघडते. ही कल्पना मांडणारा त्यांचा लेख छापून यायला 1983 साल उजाडले. त्याच्या आदल्याच वर्षी वुटर्स व झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, अज्ञात क्वांटम अवस्थेची तंतोतंत प्रत काढता येत नाही हे सिद्ध केले होते. बेनेट आणि ब्रासार्ड यांची 1984 ची गुप्त किल्ली (संदेश सांकेतिक करण्यासाठी लागणारी गुपित माहिती) पाठवण्याची पद्धत वीस्नर यांच्याच कल्पनेतून निघाली. अशी नोट अजून कुणाच्या खिशात आलेली नाही, कारण कणांची नाजूक अवस्था दीर्घकाळ टिकवणे फार कठीण आहे.

मला या विषयाची खरी ओढ लागली ती इथे. जो नियम नोटेला सुरक्षित करतो, तोच क्वांटम संगणकाच्या वाटेत आडवा येतो. साध्या संगणकात चूक टाळायची तर एकाच माहितीच्या तीन प्रती ठेवून बहुमत पाहता येते. पण क्यूबिटची, म्हणजे क्वांटम संगणकातल्या माहितीच्या मूळ एककाची, प्रतच निघत नसेल तर बहुमत कशाचे पाहणार? गणितज्ञ पीटर शोर यांनी 1995 मध्ये यावर तोड काढली. प्रत न काढता एका क्यूबिटची माहिती नऊ क्यूबिटांच्या गुंतलेल्या, म्हणजे एकमेकांशी बांधलेल्या, अवस्थेत पसरवायची. मग कोणत्याही क्यूबिटला ‘तुझी किंमत काय’ असे न विचारता ‘शेजाऱ्याशी तुझे जुळते का’ एवढेच विचारायचे. चूक कुठे झाली हे उत्तरातून कळते, पण जपलेली माहिती उघडी पडत नाही. इतका नेमका प्रश्न शोधणे हीच मला या शास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

अडचण पुढे होती. क्यूबिट वाढवले की चुकांच्या जागाही वाढतात, आणि मूळ क्यूबिट पुरेसे चांगले नसतील तर दुरुस्तीपेक्षा बिघाडच अधिक होतो. डिसेंबर 2024 मध्ये गूगलच्या संशोधकांनी 105 क्यूबिटांच्या विलो चिपवरील जे निकाल प्रसिद्ध केले, त्यांचे मोल यात आहे. माहिती साठवणाऱ्या क्यूबिटांची जाळी 3×3 वरून 5×5 आणि पुढे 7×7 केली, तेव्हा प्रत्येक पायरीला चुकांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. सर्वांत मोठ्या जाळीतली माहिती त्याच चिपवरच्या सर्वोत्तम सुट्या क्यूबिटपेक्षा दुपटीहून अधिक काळ टिकली. तरी दुरुस्तीच्या दर फेरीला हजारात एकाहून थोडी अधिक चूक उरतेच, आणि उपयुक्त गणितासाठी ती कितीतरी पट खाली यावी लागेल.

भारताच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला एप्रिल 2023 मध्ये सुमारे 6,003 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, आणि आठ वर्षांत 50 ते 1000 भौतिक क्यूबिटांचे संगणक उभारणे हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. माझे स्पष्ट मत आहे की या मोहिमेचा हिशेब क्यूबिटांच्या संख्येवर मांडू नये. जाळी मोठी केल्यावर चूक कमी झाली की वाढली, हे दरवर्षी आकड्यांसह जाहीर व्हावे.