जायला अजून दीड महिना आहे, मग बूट आत्तापासून कशाला?

परदेशातली सुट्टी ठरली की हा प्रश्न येतो, आणि दर वेळी त्याच सुरात येतो. तिकीट सहा आठवड्यांनंतरचं, आणि नवे बूट आजपासूनच पायात. तेही घरातल्या घरात, भांडी घासताना. भरलेली बॅग उचलून तीन जिने वर, तीन जिने खाली. फोन विमान मोडवर टाकून फिरायला जाणं. शेवटच्या तीन दिवसांत नऊलाच दिवे बंद. ‘अहो, नवीन काय करायचं ते तिथे जाऊन करा की. इथे तरी नेहमीसारखं जगा!’ इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

मुळात तुमचं हे मत एके काळी माझंच होतं. नवं ते सगळं सुट्टीसाठी राखून ठेवायचं. कोरा करकरीत कॅमेरा, न उघडलेली सनस्क्रीन, खोक्यातले बूट. ती गंमत खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. पण तेव्हाच्या त्या मला आता एकच विचारावंसं वाटतं: बाई गं, यातलं काही बिघडलं तर तिथे काय करणार होतीस? घरी दुसरे बूट असतात, ओळखीचे डॉक्टर असतात, औषधांच्या दुकानात बोलायला भाषा असते. तिकडे वस्तू नवी, रस्ता नवा, झोपेची वेळ नवी आणि दुखणंही नवं. एवढ्या नवलाईत पाहायला आलेलं शहरच मागे पडतं.

टाचेपासून सुरुवात करते. टाच कुणाची ते विचारू नका.

बूट सकाळी घेतलेले. इथेच पहिली चूक, कारण पाय दिवसभरात फुगतो आणि चालल्यावर आणखी फुगतो. सकाळी नेटका बसलेला बूट दुपारी चारला आवळतो. सुट्टीत पंधरा-वीस हजार पावलं बोलता बोलता होतात, त्यामुळे दुपारचे चार फार लवकर वाजतात.

पहिला तास काही नाही. बुटाची मागची कड ताठ, आणि दर पावलाला टाच आतल्या आत जराशी वर उचलली जाते, परत खाली बसते. फोड वरून घासल्यामुळे येतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वरची कातडी मोज्याला धरून जागेवरच राहते आणि आतलं हाड पुढेमागे सरकत राहतं. मधले थर ताणले जातात, शेवटी एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी साठतं. कातडी घामाने ओलसर असेल तर ती मोज्याला अधिकच धरते. म्हणून सुती मोजा इथे नको. तो घाम शोषतो खरा, पण सोडत नाही. लोकरीचा किंवा चालण्यासाठी बनवलेला कृत्रिम धाग्याचा मोजा बरा.

दुसऱ्या तासाला टाचेवर ऊब जाणवते. दुखत नाही, झोंबत नाही, नुसती ऊब. सगळा निकाल इथेच लागतो. थांबायचं, मोजा काढायचा, पाय कोरडा करायचा आणि त्या जागेवर टेप लावायची. जखमेच्या पट्टीवर लावतात ती साधी कागदी टेपही चालते, फक्त सुरकुती न पाडता लावायची. पाच मिनिटांचं काम. पण बरोबरचे पुढे गेलेले असतात, त्यांना हाक मारायची लाज वाटते, आणि पुढच्या चौकात काहीतरी बघायचं असतं. टाच म्हणाली, चालेल. चाललं नाही.

संध्याकाळी खोलीवर मोजा काढला तेव्हा नाण्याएवढा फोड. मग दुसरी, पहिलीपेक्षा मोठी चूक: फोडला आणि वरची कातडी ओढून काढली. ती कातडी म्हणजे आयती पट्टी असते, तिच्याखाली नवी कातडी धरत असते. ती काढली की उरते उघडी जखम, आणि सकाळी मोजा तिलाच चिकटतो. फोड फार ताणलेला नसेल तर त्याला हात लावायचा नाही, वर गादीची पट्टी लावून सोडायचं. पाऊल टेकवतच नसेल, तर हात आणि ती जागा साबणाने धुवायची, स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला बारीक भोक पाडायचं, पाणी हलकेच दाबून काढायचं. कातडी तिथेच ठेवायची, वर मलम आणि पट्टी. मधुमेह असेल तर यातलं काहीही स्वतःच्या हाताने करायचं नाही, सरळ डॉक्टर.

तिसऱ्या दिवशी टाचेला वाचवायला पाऊल तिरकं पडू लागलं, आणि रात्री गुडघा बोलायला लागला. चौथ्या दिवशी सगळे टेकडीवरचा मनोरा चढायला गेले. टाच खाली एका बाकावर, चपलेत, बसून राहिली. पाच तास. त्या बाकावरून मनोऱ्याचा फक्त वरचा तिसरा हिस्सा दिसतो. एवढी माहिती दुसऱ्या कुणाकडे नसेल.

तर बूट असे. संध्याकाळी घ्यायचे, जे मोजे घालणार तेच घालून. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे (ते अंगठाच असेल असं नाही) अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. पहिले तीन-चार दिवस घरातच, अर्धा अर्धा तास. घरातच यासाठी की तळ स्वच्छ असेपर्यंत दुकानात बदलून मागता येतात. मग बाहेर तासभर, मग आठवड्यातून दोनदा दोन-तीन तास, आणि त्यात एकदा तरी मोठा उतार. उतारावर बोटं पुढे आदळतात, सपाटीवर ते कळत नाही. टाच आत उचलली जात असेल आणि बुटाला घोट्याजवळ एक जादा भोक असेल, तर नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात घालून छोटा फास ठेवायचा. दोन्ही बाजूंना असं झालं की प्रत्येक नाडीचं टोक समोरच्या फासातून ओवून खाली ओढायचं आणि मग गाठ. टाच जागेवर बसते. चामडं वापरून मऊ होतं. कृत्रिम कापडाचा बूट मात्र फारसा सैलावत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. महिनाभराने टोचत असेल तर तो घरी ठेवायचा आणि जुनाच घालून जायचं. फोटोत जुने बूट दिसतात. दिसू देत.

आता चहा-कॉफी, कारण त्यावरून मला सगळ्यात जास्त टोमणे बसतात. रोजचं कॅफिन चुकलं की शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं धरायला लागतं, एक-दोन दिवसांत ते अगदी भरात येतं, आणि कधी कधी आठवडाभर रेंगाळतं. लांबच्या प्रवासात हा हिशेब बरोबर पोचल्यावर लागू पडतो. मग ‘हवा मानवली नाही’ म्हणून पहिला दिवस पडद्याआड जातो. यावर मी पूर्वी एकच उपाय सांगायची: दर तीन-चार दिवसांनी चौथा हिस्सा कमी करत जा, निघेपर्यंत एका कपावर या. उपाय बरोबर आहे, पण तो सांगताना माझा सूर असा असायचा की जणू सुख हा सामानातला जास्तीचा किलो आहे. सकाळचा पहिला कप शांतपणे पिणं, झोपण्याआधी दोन पानं वाचणं, खिडकीत पाच मिनिटं नुसतं बसणं, यातलं एक तरी बरोबर न्यायला हवं असं आता वाटतं. अनोळखी खोलीत पहिल्या सकाळी पाय टेकायला तेवढी जागा पुरते. पण मग चहाच कमी केलेला! या दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

पुड्या न्या, पण किटली नेताना तिच्या तळाचा कागद वाचा. २३० व्होल्टची किटली अमेरिकेत १२० वर किंवा जपानात १०० वर लावली तर दाब निम्मा आणि त्याहून कमी होतो. दाब निम्मा झाला की वॅट चौथाईवर येतात. चार मिनिटांत उकळणारं पाणी पंधरा-वीस मिनिटं नुसतं सुस्कारे टाकतं. उलट १२० ची वस्तू २३० वर लावली तर वॅट चौपट होतात, आणि मग धूर. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. फोनच्या, लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा १००-२४० असं छापलेलं असतं, त्यांची काळजी नको. मात्र जड चार्जर अडॅप्टरमध्ये घट्ट बसतो की लोंबतो, हे घरीच पाहून घ्या. लोंबणारा पहाटे कधीतरी सुटतो, आणि सकाळी फोन सात टक्क्यांवर असतो.

नऊला दिवे बंद करण्याचं कारण साधं आहे. अंगातलं घड्याळ नव्या वेळेकडे दिवसाला साधारण तासभरच सरकतं, आणि बहुतेकांचं चोवीस तासांहून किंचित लांब असतं. म्हणून उशिरा झोपणं सोपं जातं आणि लवकर झोपणं अवघड. पूर्वेकडे जायचं असेल तर तीन दिवस रोज तासभर आधी झोपायचं, तासभर आधी उठायचं आणि उठल्यावर उजेडात जायचं. पश्चिमेकडे जायचं असेल तर उलट, आणि उजेड संध्याकाळी. तीनच दिवस. एकदा आठवडाभर करून पाहिलं, तेव्हा घरच्यांशी गाठ फक्त स्वयंपाकघराच्या दारात पडत होती.

अंगाला लागणारं आणि पोटात जाणारं, दोन्ही आधी. नवी सनस्क्रीन कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, आठवडाभर. पुरळ लगेच उठते असं नाही, दोन-तीन दिवसांनीही उठते. मळमळीच्या गोळीने बऱ्याच जणांना गुंगी येते, तेव्हा पहिली गोळी डॉक्टरांना विचारून घरी, मोकळ्या दिवशी घ्या. औषधाचं मूळ नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. पॅरासिटामॉल अमेरिकेत आणि जपानात असिटामिनोफेन म्हणून मिळतं, हे ताप चढल्यावर शोधत बसू नये.

आणि तो विमान मोड. नकाशा उतरवून घेतलाय असं आपल्याला वाटत असतं. अनोळखी भागात तासभर इंटरनेटशिवाय फिरलं की कळतं, एक चौकोन उतरलाय आणि आपण त्याच्या बाहेर उभे आहोत. घरचं सिम काढून तिकडचं घालणार असाल तर बँकेचा ओटीपी कुठे येईल, तेही निघण्याआधी ठरवा. जिन्यांचं मात्र फार समजावत नाही. बॅग तिसऱ्या मजल्यावर नेऊन बघा आणि नंतर आतला कपड्यांचा एक जोड काढून ठेवा.

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही सभ्यपणे पोटात ठेवता: एवढं सगळं घरीच करून टाकल्यावर तिथे नवं काय उरतं? यासाठी मी एक रेघ आखली होती. शरीराला लागणारं घरी, डोळ्यांनी बघायचं तिथे. म्हणून त्या शहराच्या रस्त्यांचे फोटो आधी बघायचे नाहीत. पण विमानतळापासून खोलीपर्यंतचा रस्ता तर बघावाच लागतो. रात्री दोन वाजता, हातात बॅग असताना, दार कुठल्या बाजूला आहे ते माहीत हवं. आणि तो बघताना बोट जरा पुढे सरकतं, कोपऱ्यापलीकडची गल्ली दिसते, मग तिच्या पुढची. रेघ पुसट होत जाते, आणि तेव्हाची मी लांबून हसत असते.

या खेपेला त्याच टेकडीच्या गावाला जायचंय. त्या मनोऱ्याचं पान दोनदा उघडून बंद केलं आहे. वरून काय दिसतं त्याचे फोटो तिथे आहेत.