२८ लाख गेले कुठे? परदेशात अकाउंटिंग शिकायला निघालेल्यांसाठी

नागपुरात बी.कॉम. करून ब्रिटन-ऑस्ट्रेलियात मास्टर्सला जाणारी मुलं डेबिट-क्रेडिटमध्ये अडकत नाहीत. ते सगळीकडे सारखंच. घोळ होतो मांडणीत, आणि आकडा आल्यावर पुढे काय लिहायचं यात.

समजा, इतवारीतल्या एका धान्य व्यापाऱ्याची बॅलन्स शीट आहे. डावीकडे भांडवल १८ लाख, बँकेचं कर्ज ६, क्रेडिटर्स (ज्यांचे पैसे द्यायचे) ४. उजवीकडे गोदाम-फर्निचर ११, स्टॉक ९, डेटर्स (ज्यांच्याकडून येणं आहे) ६, बँकेत २. दोन्हीकडे २८, टॅली झालं. आता हीच ब्रिटनमधल्या एफआरएस १०२ या हिशेबाच्या मानकाच्या रूढ पद्धतीने उभी लिहा. फिक्स्ड अॅसेट्स ११. करंट अॅसेट्स १७, त्यातून वर्षाच्या आत द्यायचे ४ वजा, राहिले १३. अकरा नि तेरा चोवीस, त्यातून कर्जाचे ६ गेले, नेट अॅसेट्स १८. खाली भांडवल १८. जुळलं की! पण २८ कुठेच दिसत नाहीत, आणि मुलं पेपरात तेच शोधत बसतात.

याच्याच पोटात दुसरी चूक असते. कर्जातला १ लाख पुढच्या बारा महिन्यांत फेडायचा असेल, तर तो क्रेडिटर्सच्या ४ मध्ये मिळवायचा. मग १७ वजा ५, म्हणजे १२. अकरा मिळवून २३. उरलेलं कर्ज ५ वजा, पुन्हा १८. शेवटचा आकडा बदलत नाही म्हणून चूक कळतच नाही. करंट रेशो, म्हणजे करंट अॅसेट्स भागिले वर्षाच्या आत द्यायची रक्कम, मात्र ४.२५ वरून ३.४ वर येतो.

तोही नुसता काढून भागत नाही. १७ पैकी ९ लाख गोदामातल्या धान्यात अडकलेत, ते वगळले तर रेशो १.६, मग बँकेने आणखी कर्ज द्यावं का? हे लिहिलं नाही तर गणित बरोबर असूनही गुण जातात. ब्रिटनमध्ये मास्टर्सला साधारण ५० ला पास आणि ७० ला डिस्टिंक्शन, तेव्हा ६२ पाहून घाबरू नका. गाइडमधली उत्तरं उतरवायची सवय मात्र इथेच सोडा, टर्निटिन हे नक्कल शोधणारं सॉफ्टवेअर ती पकडतं.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीही नडतात. ३,७५,००,००० तिकडे ३७,५००,००० असे लिहितात, आणि हजारांत मांडले की ३७,५००. ऑस्ट्रेलियाचं सरकारी आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. सवयीने ३१ मार्च धरला की घसाऱ्याचे महिने चुकले. सीजीएसटी-एसजीएसटीची विभागणी नाही; ऑस्ट्रेलियात जीएसटी १० टक्के, ब्रिटनमध्ये व्हॅटचा मुख्य दर २०. टॅली सॉफ्टवेअरमधलं एफ५, एफ७ बोटांत बसलेलं असतं, पण तिथे झेरो किंवा सेज ही हिशेबाची सॉफ्टवेअर्स भेटतात. त्यात बँकेच्या नोंदी आपोआप येऊ शकतात, आपण त्या जुळवायच्या.

निघण्याआधी बी.कॉम.च्या पुस्तकातली दहा फायनल अकाउंट्स उभ्या मांडणीत करून बघा, आणि प्रत्येकाखाली कर्ज द्यावं की नाही यावर इंग्रजीत दीडशे शब्द लिहा.