दामदुपटीचा हिशेब

"बाई, लस घेतली त्याच वर्षी निघालं ना तुमचं? मग त्यानंच झालं असणार."

मंडईत, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही हा प्रश्न येतो. सांगलीत तीस वर्षं गणित शिकवल्यामुळं निम्म्या गावाला मी 'बाई' आहे, तेव्हा विचारणाऱ्यांना संकोच वाटत नाही. माझा स्तनाचा कॅन्सर कोरोनाच्या लशीनं झाला का, असं तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

मार्च २०२१ मध्ये साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली, तेव्हा मी कोविशील्डचा पहिला डोस घेतला. एक रात्र ताप, दुसऱ्या दिवशी दंड जड. दिवाळीत अंघोळ करताना डाव्या स्तनात काहीतरी हाताला लागलं. हरभऱ्याच्या घाट्यासारखं, दाबलं तर न दुखणारं. जानेवारी २०२२ मध्ये मिरजेला सोनोग्राफी झाली. गाठ दोन सेंटिमीटरची. लस ते गाठ, अंतर दहा महिने.

आता हिशेब करू. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी धरतात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं करत तीस वेळा दुप्पट केलं की १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ होतात. गाठ दोन सेंटिमीटरची झाली की घनफळ आठपट, म्हणजे आणखी तीन दुपटी. एकूण तेहेतीस. लशीच्या दिवशी पहिली पेशी बिघडली असं मानलं, तर तीनशे दिवसांत तेहेतीस दुपटी हव्यात, दर नऊ दिवसांनी एक. स्तनाच्या गाठी दुप्पट व्हायला सहसा महिने घेतात. पन्नास दिवसांचा वेग धरला तरी साडेचार वर्षं मागं जावं लागतं. म्हणजे २०१७. तेव्हा कोरोना हा शब्द आमच्या गल्लीत कुणी ऐकलेला नव्हता.

माझा एक जुना विद्यार्थी, आता इंजिनिअर, लगेच म्हणाला, "बाई, ठिणगी आधीची असेल, पण लशीनं फुंकर घातली असेल तर?" शंका रास्त आहे, आणि ती माझ्या हिशेबानं सुटत नाही. त्यासाठी लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लाखो माणसांची तुलना लागते. लशीमुळं कॅन्सर वाढतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. शिवाय जुलै २०२२ पर्यंत देशात दोनशे कोटी डोस देऊन झाले होते. त्यानंतर ज्याला ज्याला काही निघालं, तो बहुतेक लस घेतलेलाच असणार.

मग त्याच विद्यार्थ्यानं मला मोबाईलवर एक चित्र पाठवलं. पेशी, तिच्यावर बाण, बाणांवर पेशीत वाढीचा निरोप पोचवणाऱ्या मार्गांची नावं: रास, पीआय-थ्री-के, एकेटी, एम-टॉर. स्पाइक, म्हणजे कोरोना विषाणूच्या अंगावरच्या काट्यांच्या प्रथिनानं हे मार्ग 'चालू' होतात आणि हेच मार्ग कॅन्सरमध्ये चालू असतात, असा खाली मजकूर. चित्रात एमआरएनए लस होती, म्हणजे स्पाइक बनवायची कृती एमआरएनए रेणूतून देणारी. मी घेतलेली त्या जातीची नव्हती, पण स्पाइक दोन्हींमुळं शरीरात बनतो, म्हणून तेवढ्यावर मी सुटका करून घेत नाही. हे मार्ग कॅन्सरनं आणलेले नव्हेत, ते आपलेच आहेत. दुपारी भाकरी-पिठलं खाल्लं की इन्सुलिन वाढतं, आणि एकेटी, एम-टॉर चालू होतात. काम झालं की बंदही होतात. कॅन्सरमध्ये बटण तुटून अडकलेलं असतं, कारण जनुकातच बिघाड झालेला असतो.

माझं अडकलेलं बटण रिपोर्टवर छापूनच आलं होतं: हर-टू ३+, म्हणजे हर-टू हे प्रथिन फार जास्त. सतराव्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकाच्या दोन प्रती असायच्या, त्या गाठीत भरमसाट झाल्या होत्या. पेशीच्या अंगावर तेवढेच जास्त 'वाढ, वाढ' सांगणारे, आणि त्यांचा निरोप आत त्याच बाणांवरून जाणार. त्यावर वर्षभर दर एकवीस दिवसांनी ट्रास्टुझुमॅब हे हर-टूला अडवणारं औषध घेतलं, मधूनमधून हृदयाची इको. ज्या औषधानं तारलं त्याचाही हृदयाला धोका असतो, म्हणून ती तपासणी.

हळदीचंही सांगते, कारण सांगलीत हळदीविरुद्ध बोलणं म्हणजे गुन्हाच. चित्र पाठवणाऱ्यानंच हळदीचं दूध सुचवलं. ती म्हणे हेच मार्ग बंद करते. प्रयोगशाळेच्या ताटलीतल्या पेशींवर करते खरी. पण पोटातून रक्तात फारच थोडी पोचते. ताटलीत हळद सगळं बंद करते, ताटलीत स्पाइक सगळं चालू करतो, आणि माणूस काही ताटलीत राहत नाही.

लस निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. कोविशील्ड ज्या लशीवरून बनली, तिच्यामुळं अगदी थोड्या लोकांत प्लेटलेट घटून रक्ताच्या गुठळ्या झाल्या, काही दगावले. ब्रिटननं २०२१ मध्येच तरुणांना दुसरी लस द्यायला सांगितलं. ती बनवणाऱ्या अॅस्ट्राझेनेका कंपनीनं तिथल्या कोर्टाच्या कागदांत हे मान्य केल्याची बातमी २०२४ मध्ये इथं आली आणि आमच्या गल्लीत फोनच फोन. तो धोका डोसनंतरच्या काही आठवड्यांतला.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. शेजारच्या सुनेनं मुलीची एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची लस रद्द केली. कारण मी. "बाईंना लशीनं झालं." गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर विषाणू खरोखरच पेशीच्या वाढीवरचा ताबा बिघडवतो. त्याची ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं पेशीचे पी-५३ आणि आरबी हे दोन लगाम निकामी करतात. लशीत ई-६ नाही, ई-७ नाही, विषाणूचं नुसतं रिकामं कवच आहे. २०१० मध्ये आंध्र-गुजरातच्या एका प्रकल्पात काही मुली दगावल्यावर सरकारनं या लशीचे अभ्यास थांबवले. मृत्यूंचा लशीशी संबंध निघाला नाही. पालकांची संमती नीट घेतली नव्हती हे मात्र निघालं, आणि त्यावर लोक चिडले ते बरोबरच. पुणे-बार्शीसह चाललेला दुसरा अभ्यासही तेव्हा अर्धवट राहिला, आणि ज्या मुलींना एकच डोस मिळाला होता त्यांच्यावर पुढं लक्ष ठेवल्यावर कळलं की एका डोसनंही दहा वर्षं चांगलं संरक्षण मिळतं.

हे सगळं मी त्या सुनेला कुंपणावरून सांगितलं, आणि दिवाळी ते जानेवारीचंही. गाठ हाताला लागली तेव्हा एसटीचा संप होता, मिरजेला कसं जायचं म्हणून मी बसून राहिले. वडाप चालूच होते. घरात म्हणत होते जाऊन ये, मी म्हणत होते संक्रांत होऊ दे.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "बघते बाई. पोरीची परीक्षा होऊ दे."