पाण्याची पाळी आणि 'अबव्ह'

२९ एप्रिल, रात्रीचे अडीच

आज पाण्याची पाळी. पाचव्या दिवशी येतं, तेही कधी येईल याचा नेम नाही, म्हणून अंगणात खुर्ची टाकून बसलोय. फरशी अजून गरम आहे. नळ आधी नुसता फुसफुसतो, दोनदा खोकतो, मग गढूळ चूळ टाकतो. ती बादली झाडांना. त्यानंतर टाकीला पाइप जोडायचा आणि कानात 'अबव्ह' लावायचा. अल्बम पंचावन्न मिनिटांचा आहे. प्रेशर बरं असेल तर टाकीही तेवढ्यातच भरते.

'मॅड सीझन' या सिॲटलच्या अमेरिकन रॉक बँडचा हा एकुलता एक अल्बम, मार्च १९९५ चा. पर्ल जॅम या बँडचा गिटारिस्ट माइक मॅक्रेडी व्यसन सोडायला मिनीॲपोलिसला गेला, तिथं त्याला बेसवाला जॉन बेकर सॉन्डर्स भेटला. सिॲटलला परतल्यावर स्क्रीमिंग ट्रीजचा ड्रमर बॅरेट मार्टिन आला आणि गायला ॲलिस इन चेन्सचा लेन स्टेली. लेन हेरॉइनमध्ये बुडालेला. मॅक्रेडीचा हिशोब साधा होता: सोडलेल्यांच्या संगतीत राहिला तर ह्याचंही सुटेल.

दादाच्या वेळी आमच्या घरातही हेच बोलणं झालं. "मागावर बसवा त्याला, कामात राहिला की सुटतंय बघा," काका म्हणायचे. मग दादा रात्रपाळीला. टॉवेलचे आठ माग, त्या खटखटीत कारखान्याचा टेप फुल्ल. ड्रम कुठला आणि धोटा कुठला, कळायचं नाही. हा अल्बम मला त्यानंच दिला, राइट केलेल्या सीडीवर. वर मार्करनं नुसतं 'एमएस'. आईनं ती एमएससीआयटीची समजून वर्षभर माझ्या पुस्तकांत जपून ठेवली!

'लाँग गॉन डे' सुरू झालं की मी खुर्चीतून हलत नाही. लेनसोबत स्क्रीमिंग ट्रीजचा गायक मार्क लॅनेगनचा तो खरखरीत, खालचा आवाज, मधूनच सॅक्सोफोन. हार्ड रॉकवाल्यांनी एवढं हळू वाजवावं?

आजच्याच तारखेला, १९९५ साली, ते सिॲटलच्या मूर थिएटरात वाजवत होते. पुढं सॉन्डर्स १९९९ ला गेला, लेन २००२ च्या एप्रिलमध्ये. एकच अल्बम आहे म्हणून तो भारी, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. एकच आहे, कारण माणसं उरली नाहीत. मला दुसरा हवा होता. तो पहिल्याइतका जमला नसता तरी चाललं असतं.

दादाचं दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा धरलं. त्यावर आज लिहीत नाही.

'नोव्हेंबर हॉटेल'ला गाणारं कुणी नाही, नुसती गिटार आणि ड्रम. त्यात मी असा रमलो की शेजारच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "अरे, टाकी भरून वाहायलीय की!" हेडफोन काढला तर पाणी गेटपर्यंत. पळत जाऊन कॉक बंद केला, चप्पल भिजली. शेवटचं 'ऑल अलोन' राहिलंच. आता पाचव्या दिवशी.